मान

या वेल्श गावाचं नाव घ्यायचं
तर जीभ टाळूला टेकवून कडेनं हवा सोडावी लागते.
मला ते साधायला अकरा वर्षं लागली.
गावानं वैजयंतीचं 'व्ही' एका दुपारीच करून टाकलं.

नोव्हेंबरात शाळेतली दोन मुलं आजारी पडली.
मेंदूज्वर.
सोमवारी एवढंच खरं होतं.
मंगळवारी दोनाची चार झाली,
बुधवारी त्यातलं एक गेलं
(ते स्वॉन्झीच्या हॉस्पिटलात जेली मागत होतं).

माझ्या दुकानातले थर्मामीटर संपले.
घरोघरी आया मुलांच्या अंगावरच्या ठिपक्यांवर
काचेचा पेला दाबून बघू लागल्या,
फिका पडतो का, पडत नाही का.
एकीनं रात्री दोनला अॅम्ब्युलन्स बोलावली.
स्केचपेनचा डाग होता.

काउंटरवर सगळं यायचं, खोकल्याच्या औषधाआधी :
पोहण्याच्या तलावाचं पाणी,
आइस्क्रीमची गाडी,
टेकडीवर नव्यानं राहायला आलेले ते लोक...
मग माझ्याकडे बघून,
"तुमच्यातले नव्हेत हं, दुसरे."

आणि ग्वेनेथ प्रॉसरचं लाँड्रेट.
हॉस्पिटलातल्या चादरी म्हणे तिथं धुतात.

"व्ही, तुला तर माहीतच असणार,"
मिसेस बेनन म्हणाल्या, "तिथंच ना?"
मी गोळ्या मोजत होते. एकवीस, बावीस.
बोलले असते तर आकडा चुकला असता.
मी मान हलवली.
आपण हलवतो तशी :
ऐकलं, थांबा जरा, देव जाणे, मोजतेय.
वर-खाली म्हणजे हो, डावी-उजवी म्हणजे नाही,
यांच्या मानेला मधलं काही ठाऊकच नाही.

लहानपणी आमच्या आळीत नंदीबैल यायचा.
पोराला नोकरी लागेल का? गुबुगुबु.
पोरगी नांदेल का? गुबुगुबु.
बैल मान हलवायचा
आणि कुंदाकाकू खूश होऊन सूपभर ज्वारी घालायच्या.
बैलाला प्रश्न कळत नसे.
मला कळला होता.

संध्याकाळपर्यंत गावभर :
केमिस्टनंच सांगितलं.
अफवेच्या अंगात आता माझा पांढरा कोट होता.

नऊ मशिनं, नऊ गोल दारं, सगळी उघडी.
रात्रीतून कुणीतरी काचेवर साबणानं एक शब्द लिहिला,
ग्वेनेथनं तो व्हिनेगरनं पुसला.
पुसल्यावर त्या शब्दापुरतीच काच लख्ख झाली
आणि जास्तच वाचता येऊ लागली.

शुक्रवारी ती हाताच्या भेगांवर क्रीम घ्यायला आली.
नाणी माझ्या हातात दिली नाहीत.
काउंटरवर ठेवली, एकेक सरकवली,
मला तिचा स्पर्श नको असेल असं धरून.
हे अंतर मी ओळखते.
आमच्या गावी ते पाण्यात मोजत,
किती उंचीवरून ओंजळीत ओततात त्यावर.
मी तोंड उघडलं.
"दिवसातून दोनदा लावा," म्हणाले.

मुलं घरी आली. दोघंही.
कुठून आलं ते कळलं नाही,
बहुतेकदा कळत नाही, असं पत्रक निघालं.
ते माझ्या दारावर महिनाभर होतं,
कुणी थांबून वाचलेलं मला दिसलं नाही.
तलावावर पुन्हा शिट्ट्या वाजू लागल्या.
लाँड्रेटमध्ये मात्र एकच मशीन फिरायचं,
तिच्या स्वतःच्या पडद्यांचं.

एका शनिवारी मी आमचं जाडजूड पांघरूण
भर रस्त्यातून, मिसेस बेननच्या खिडकीखालून,
वरातीसारखं मिरवत नेलं.
दोन तास काचेशी बसले. सगळ्यांना दिसेल अशी.
ती मान माझी होती, हे सांगायचंच होतं.
ड्रम फिरत राहिला.
अजून सांगितलेलं नाही.

ग्वेनेथनं पांघरुणाची कड चाचपली,
"वाळलंय का? की अजून दहा मिनिटं?"
माझी मान हलली.
"हो की नाही ते नीट सांग, व्ही," ती म्हणाली,
"ड्रायर मिनिटामिनिटाला पैसे खातो."