रकाना सातवा

वखारीत रात्रीचे साडेनऊ. ट्यूबलाइट फडफडते.
आदगोंडा शेटच्या मुलानं फॉर्म धाडलाय मोबाईलवर.
परदेशातलं गिऱ्हाईक आहे, हळद मागतंय,
आणि सातव्या रकान्यात विचारतंय
माल कशात भरणार?
खाली नावं. एकावर खूण करायची.
बॉक्स, बिन, टिन, कॅन, जार, क्रेट, कॅनिस्टर.

मी त्यात आपला डबा शोधतोय.

आमच्याकडं डबा म्हणजे डबा.
गव्हाचा डबा, रॉकेलचा डबा, शाळेचा डबा,
मिरजेच्या गाडीचा मागला डबा,
पहाटे ओढ्याकडं जायचा तोही डबाच,
फक्त तो आई न्हाणीमागं पालथा ठेवायची
आणि पाहुण्यापोरानं चुकून त्यातून पाणी आणलं
तर सगळ्या घराला पुन्हा आंघोळ.

शेटची पुतणी सन्मती लीड्सला असते.
तिला फोन लावला.
म्हणाली, काका, टिन आणि कॅन एकच.
इकडं टिन म्हणतात, अमेरिकेत कॅन.
मग दोन्ही कशाला लिहिलेत?
माहीत नाही, पण बिनवर खूण करू नका,
इकडं तो कचऱ्याचा.
आणि अमेरिकेत?
तिकडं धान्याचाही असतो.
म्हणजे समुद्र ओलांडला की कचऱ्याचं धान्य होतं.
ती हसली. तिच्याकडं चहाची वेळ असावी,
कपात चमचा वाजला.

कॅन मला पाचवीपासून पाठ.
आय कॅन, यू कॅन,
हिरेमठ सर छडी आपटून म्हणवून घ्यायचे.
शकणं आणि डबा एकाच शब्दात.
त्यांचं बरं आहे.

जार म्हटलं की मला दिसतो
लग्नातला वीस लिटरचा, उलटा बसून गुडगुडणारा.
ती म्हणते, नाही हो, जार म्हणजे बरणी.
बरणी आमच्या सुलोचनेची, चिनी मातीची,
तोंडाला दादरा, आत माईनमुळ्याचं लोणचं.
विटाळशी हात लागू नये म्हणून सासू फळीवर ठेवायची,
ही खालीच ठेवते.
त्यात हळद कोण भरेल?
बॉक्स म्हणजे खोकं,
आणि खोकं म्हटलं की हल्ली हमालसुद्धा हसतात.

मग आठवा रकाना.
भरण्याआधी माल कशात साठवला होता?

पेवाला काय म्हणतात गं?
सन्मती थांबली. पिट?
पिट म्हणजे?
खड्डा.
खड्डा नव्हे.
हरिपुरात, नदीच्या अंगाला, जमिनीच्या पोटात,
तोंड माणूस उतरेल एवढं,
आत घागरीगत फुगलेलं, भिंतींना पाला,
हळद ओतायची, तोंड लिंपायचं
आणि चार वर्षं विसरायचं.
कीड नाही, काही नाही.

सिदूमामा उतरायचा त्यात.
तोंड उघडलं की तासन् तास कुणी फिरकायचं नाही.
मग दोरीला बांधून कंदील सोडायचा.
विझला तर उद्या.
जळत राहिला तर सिदूमामा.
वर यायचा तेव्हा पापण्यासुद्धा पिवळ्या,
मामी म्हणायची, आले बघा नवरदेव.

पाच सालच्या पुरात कृष्णामाई पेवात उतरली.
तिनं कंदील सोडून पाहिला नाही.

काका, सन्मती म्हणाली, खाली 'अदर' असेल बघा.
होतं. पुढं एक बारकी रेघ.
पेव मावलं असतं त्या रेघेत,
पण हा माल कोल्ड स्टोरेजचा,
खोटं कसं लिहू?
तेच लिहिलं. वर बॉक्सवर खूण केली.
शटर ओढलं.

घरी सुलोचना चपलांचा आवाज ऐकून आतूनच म्हणाली,
डबा आणलात का?

कुठला, म्हणून विचारणार होतो.
मग लक्षात आलं,
वखारीतच राहिला, वजनकाट्यावर,
उरलेल्या अर्ध्या भाकरीसकट.