मागचं आणि चालू

रात्री सव्वा अकराला दशरू नाकाडे आले,
स्वतःच स्कूटर चालवत,
खाकी शर्टाच्या खिशाला टेस्टर खोचलेला.
छाती म्हणाले नाहीत. म्हणाले,
"जबडा जड पडून रायला जी, अन् कोपरात मुंग्या.
वांग्याची भाजी जास्त झाली असंन."

ईसीजीचा कागद डॉक्टरांनी दोनदा उजेडाला धरला.
काही सापडेना.
मी रक्त काढलं, यंत्राला दिलं.
अठरा मिनिटांनी आकडा आला: चौदा.

चौदा म्हणजे काहीच नाही,
किंवा सुरुवात.
हृदयाचा स्नायू दुखावला की एक प्रथिन झिरपतं,
इतकं थोडं, की इटियाडोहात कुणी
पायलीभर मीठ टाकून जावं.
जुन्या पट्टीवर रेघ उमटायला उशीर लागायचा.
त्या उशिराबद्दल मी बोलत नाही.

"तीन तासांनी पुन्हा घ्यावं लागेल," म्हटलं.
वाटलं, आता उठतील, चपला शोधतील.
ते पडल्या पडल्या म्हणाले,
"बरोबर हाये. एका रीडिंगनं बिल निघते का जी कधी?
मागचं अन् चालू. मधातलं जे, तेच खरं."

एक दहाला लाईट गेली.
इन्व्हर्टर ओरडू लागला, यंत्राच्या पडद्यावर
बॅटरीची एकच कांडी.
अंधारात कान देऊन दशरूभाऊ म्हणाले, "फीडर नाई, डीओ उडला,"
आणि उठायला लागले.
डॉक्टरांनी खांदा दाबून धरला.
मग फोन:
"गुणवंत, शाळेमागची डीपी. हातमोजे घाल.
घातले म्हणू नको बे, घाल."

पावणेदोनला पंखा फिरला.

अडीचला दुसरी नळी.
अठरा मिनिटं मी यंत्राकडे पाहिलं नाही,
सुयांचा डबा उगाच आवरला.
त्रेपन्न.

त्यांनी आकडा विचारलाच नाही.
"किती युनिट पडले?"
"एकोणचाळीस."
"गळती हाये मंग," म्हणाले,
दुसऱ्याच्या घरचं मीटर पाहिल्यासारखं,
आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चावू लागले.

एकशे आठ गोंदियाकडे निघाली
तेव्हा त्यांनी टेस्टर माझ्या हातात दिला.
स्कूटरची चावीही.

पहाटे गुणवंत आला.
चिखलात माखलेला, दारातच थांबला,
विचारायचं ते विचारेना.
हातांत मोजे तसेच होते.