दोन बोटांची सूट

तीस वर्षं लकडगंजात मी टेप तपासले.
वजनमापे खातं. पितळी शिक्का, हातोडी, पावतीबुक.
कोणत्या टालवर फूट अकरा इंचांचा होतो
ते मला तोंडपाठ.
आज गिऱ्हाईक होऊन गेले
तर करसनभाईंनी आधी आपल्या टेपकडे पाहिलं,
मग चहा सांगितला.

म्हटलं, ओंडक्यांचं घर बांधायचंय,
उमरेड रोडच्या प्लॉटवर, एकच खोली,
ओंडक्यावर ओंडका, कोपऱ्यात खाचा.
कॅलेंडरवर पाहिलं होतं.
त्यात बर्फ होता, हे मी सांगितलं नाही.

झिंगरू मिस्त्रींना ते न सांगताच कळलं.
"इथं मे महिन्यात सडक पगयते, बाई.
लाकूड पाहून घ्या."

पाइन कंटेनरमधून उतरलेला,
गोरा, गुळगुळीत, वरपक्षाकडच्या पाहुण्यासारखा.
झिंगरूंनी नख दाबलं. नख आत गेलं.
"उधईचा नाश्ता."

साग आलापल्लीचा.
त्याच्या भावात माझी ग्रॅच्युइटी
जेमतेम उंबरठ्यापर्यंत जाते.

साजाला मगरीची पाठ.
जड, त्यातल्या त्यात स्वस्त, आणि रागीट:
वाळता वाळता फुटतो,
"रातच्याले बंदुकीवानी आवाज येईन."
हलदू पिवळाधमक, पण तो कंगव्यांचा.
भिंतीनं काय केस विंचरायचे?

मोहाचा एक ओंडका पडला होता कडेला.
झिंगरू तिथं थांबलेच नाहीत.
मी थांबले, तर पाठमोरेच म्हणाले,
"माही माय त्याचं खाऊन जगली,"
आणि चालत राहिले.

मग बिजा.
कुऱ्हाडीच्या तुंब्यानं ठोकलं एका टोकाला,
दुसऱ्या टोकाला कान लावला,
डोळे मिटून, आतलं कुणी बोलत असल्यासारखा.
चहाच्या रिकाम्या ग्लासात चिमूटभर भुसा, वर पाणी.
उन्हात धरला. कडेला निळी झाक उतरली,
मोराच्या मानेवर असते तेवढीच.
"शुगर हाय का तुमाले?"
"आहे."
"मंग घराले चाटत बसा."

हसू आलं. बऱ्याच महिन्यांनी, लाकडाच्या टालवर.

ओंडक्याच्या टोकाला वनखात्याच्या हातोड्याचा ठसा,
माझ्या शिक्क्याचा चुलतभाऊ.
साल काढा, म्हणाले, सावलीत रचा,
मधे काड्या ठेवा, वारा खेळला पाहिजे,
दोन उन्हाळे हात लावू नका.
मी मनात माझं वय मोजलं,
त्यात दोन मिळवले.
जमण्यासारखं होतं.

"आन दाराच्या चौकटीवर दोन बोटं जागा सोडा.
लाकूड आटते. घर बसते खाली."
"म्हणजे नऊ फुटांची भिंत नऊ फूट राहणार नाही?"
"नाई राहत."
इतक्या सरळ कबुलीवर
मी कितीदा तरी पावती फाडली असेल.

"दोन बोटं म्हणजे किती?"
जुन्या सवयीनं विचारलं. "कोणाची बोटं?"
त्यांनी उजवा हात पुढे केला.
तर्जनी कधीकाळी आरामशीननं नेलेली,
मधलं बोट पेरावरच थांबलेलं.
"तुमचीच धरा."

मी बिजावर दोन बोटं टेकवली.
कानामागची पेन्सिल काढून
त्यांनी वर एक रेघ मारली, खाली एक.
करसनभाई टेप घेऊन येत होते,
मी त्यांना हातानंच थांबवलं.