जमिनीवर

केमीच्या दवाखान्यात जानेवारीत
दुपारी तीनलाच दिवे लागतात.
राइली सिस्टर म्हणते, बूट काढ हवं तर,
आज घाई नाही.
तार्मो कोट मांडीवर घेऊन बसलाय,
तोंडी परीक्षेला बसावं तसा.

आधी गोळी बदलायची.
अकरा वर्षं जिने मला पडू दिलं नाही
ती पोटातल्या जिवाला मानवत नाही म्हणे.
एकदम सोडायची नाही, हे ती दोनदा सांगते;
जुनी हळूहळू उतरेल, नवी हळूहळू चढेल,
अरुंद जिन्यात दोन जावा
एकमेकींना वाट देतात तशा.
तोवर मूल नको. तोवर गाडीही नको.
सॉनात एकटीने जायचं नाही.
लागलं ते हे शेवटचं.

तार्मो वहीत लिहून घेतो:
फॉलिक अॅसिड आजपासून.
दिवस राहिले की दर महिन्याला रक्त.
रात्रीची बाटली त्याच्याकडे, माझी झोप मोडायची नाही.
अंघोळीच्या वेळी शेजारी कुणीतरी.
लंगोट बदलायचे ते जमिनीवर, टेबलावर नाही.
तो विचारतो, जमिनीवर म्हणजे
कुठल्या खोलीत?
राइली हसते.

मला हिल्या आठवते, आजीची थोरली बहीण.
फिट येणाऱ्या बाईला तेव्हा
लग्नासाठी सरकारची परवानगी लागायची.
तिचा अर्ज परत आला, खाली शिक्का, वर नकार.
कागद तिने फाडला नाही.
मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने
मोज्याचा नमुना उतरवून घेतला,
दोन सुलट, दोन उलट,
आणि तळव्याचं माप:
आठ सेंटिमीटर.
तो माझ्याकडे आहे, कॉफीच्या डब्यात.

बहुतेक मुलं धडधाकट जन्मतात, राइली म्हणते.
ते मी वाचलंय.
मला वेगळंच विचारायचं होतं.
बाळ हातात असताना
माझा दिवा गेला तर
त्या दीड मिनिटात
त्याची आई कोण?

तिने उत्तर दिलं नाही.
खुर्ची मागे सारली,
साठीचे गुडघे कुरकुरत खाली टेकले,
माझ्या मफलरची गुंडाळी केली,
तिला डोकं आणलं, पाय आणले.
ये, म्हणाली. अंगात कळ आली की
आधी हात नाही, आधी बूड खाली.
मग मूल बाजूला. उजवीकडे. पुन्हा.
पुन्हा.

सातव्या वेळी माझ्या हाताला कळलं.

तार्मोही उतरलाय आता फरशीवर,
जीभ दाताखाली धरून
मफलरला रुमालाचा लंगोट बांधतोय,
उलटा.