खुलासा: कुलूप विनापरवानगी उघडल्याबाबत

मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
आपली नोटीस मिळाली.
तीन दिवसांत लेखी खुलासा मागितलात, तर लिहितो.
मी हिलाल पुंजू कोळी, शिपाई,
जिल्हा परिषद शाळा, तापीकाठ.

मुद्दा पहिला: कुलूप कोणाच्या आदेशाने उघडले.

साहेब, त्या रात्री हतनूरचे दरवाजे उघडले,
ते आदेशानेच उघडले.
भोंगाही वाजला म्हणतात,
आमच्याकडे वारा उलटा होता.
अकराच्या सुमारास नदी भिलाटीत शिरली,
उंबऱ्यावरच्या चपला उचलून पुढे निघाली.
हेडमास्तर भुसावळला, फोन बंद.
तलाठीआप्पांकडे पाच गावं, पाचही पाण्यात.
व्हरांड्यात ऐंशी माणसं, सोळा शेळ्या,
आणि पदराखाली नातू घेऊन केशरबाई:
"हिलालभाऊ, दार उघाड ना, पोऱ्या भिजी गया."
मी म्हटलं, परवानगी लागते.
ती म्हणाली, "शाया कोनी शे?"
सव्वीस वर्षं झाडतोय हीच शाळा,
हा प्रश्न कधी डोक्यात आला नव्हता.
किल्ली करगोट्याला होती.
एवढाच माझा आदेश.

मुद्दा दुसरा: चार बाके जाळली.

चार नाही, पाच.
पाचवं आधीच मोडकं होतं,
रजिस्टरात चांगलं दाखवलं आहे.
सरपण सगळं ओलं,
आणि वर्गात एक बाई अडलेली.
पाणी तापवायला दुसरं काही सुचलं नाही.
मुलगी झाली.
जन्माच्या नोंदीत ठिकाण काय लिहायचं
ते ग्रामसेवक अजून विचारतायत.
इयत्ता तिसरी, मी सांगितलं.

मुद्दा तिसरा: शासकीय इमारतीवर खासगी ट्रस्टचा फलक.

ती गाडी सकाळी सातलाच आली, जळगावहून, चिखल तुडवत.
आधी खिचडी उतरली, मग फलक.
खरं तेच लिहितो, क्रम हाच होता.
वाढणारा मुलगा कोवळा होता,
वाढता वाढता रडत होता.
फलकाला खिळे मीच दिले.
त्यांना नावं ठेवणार नाही,
आपली जीप यायला पाचवा दिवस उजाडला.

पण तिसऱ्या दिवशी ती गाडी आली नाही.
फोन केला. म्हणाले, शिरपूरकडे पाणी जास्त आहे,
तिकडे जावं लागलं.
बरोबरच आहे. आपल्या मनानं आले होते,
मनानं गेले. जाब कुठल्या खिडकीत विचारू?

आणखी एक, नोटिशीत नसलेलं.
त्या खिचडीत मीठ कमी होतं.
कोणी बोललं नाही.
केशरबाईसुद्धा हात जोडून जेवली.
साहेब, सगळ्या गावाशी भांडलेली बाई ती,
तिचे जोडलेले हात मी पहिल्यांदा पाहिले
आणि मला माझा घास जड गेला.

मग आपला गहू आला, घरटी दहा किलो, त्यात खडे.
तर हीच केशरबाई रेशनकार्ड कमरेला खोचून
ट्रॅक्टरवर बसून तालुक्याला गेली,
तहसीलदारांच्या टेबलावर एकेक खडा मोजून ठेवला.
साहेब म्हणाले, फुकट मिळतंय ना?
ती म्हणाली, "फुकटनं नई, हक्कनं शे. म्हनीसन भांडस."
गहू बदलून मिळाला नाही.
पण परतली ती पोटभर जेवल्यासारखी.

हे मी आपल्या बाजूने लिहितोय असं समजू नका.
भांडायलासुद्धा माणूस
पाचव्या दिवसापर्यंत जगावा लागतो.

पाच बाकांचे पैसे पगारातून कापावेत, हरकत नाही.
फलक उतरवला आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर
पोरं आता बसतात, बाकं येईपर्यंत.

नोटिशीच्या शेवटी किल्ली जमा करा असं आहे.
ती सोबत जोडलेली नाही.
हत्तीचं नक्षत्र अजून जायचं आहे.