राखाडी पिंप

तू विचारलंस म्हणून सांगते, सार्जो.
त्या रेडिओचा आवाज जरा कमी कर,
आणि शेंगा फोडता फोडता ऐक.

तुझा भाऊ अजून रुसलाय माझ्यावर.
अंगात पिवळा टी-शर्ट, पाठीवर त्या उमेदवाराचे दात,
आणि घरात त्याच माणसाचं तांदळाचं पोतं.
ते मीही शिजवते, खोटं कशाला बोलू?
तांदळाला पक्ष नसतो.
खाल्ला की संपतो.

कारामो सिडिबे आमच्या धक्क्यावर आला
तो गेल्या हंगामात, ओहोटीला.
बाकीचे येतात भरतीला, ढोल घेऊन,
होडी फोटोत छान दिसते तेव्हा.
हा जुन्या टॅक्सीतून उतरला
आणि पाच दलासींसाठी ड्रायव्हरशी वाद घालत बसला.
आमच्यातली एक म्हणाली,
पाच दलासी सुटत नाहीत याला,
हा खुर्ची कशी सोडेल?
हसलो आम्ही. चिखलात उभ्या होतो,
पायांत मोजे चढवलेले, हातांत सुऱ्या,
तिवरांच्या मुळांनी बोटं फाटलेली.

आम्ही म्हटलं, खाडी वर्षभर उघडी ठेव.
बंदीच्या महिन्यांत आम्ही काय खायचं?
(पिवळा पुढे म्हणाला, उघडतो.
निळी बाई म्हणाली, उघडते, वर बर्फाची पेटीही देते.
कोपराला गूळ लावायला पैसे पडत नाहीत.)
कारामो शिंपल्यांच्या ढिगावर बसला,
एक कालव उचललं, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं,
आणि विचारलं, हे का काढलंत?

कोणी बोलेना.
माझ्याच टोपलीतलं होतं ते.

नाही उघडणार, तो म्हणाला.
तुम्ही मत नाही दिलंत तरी नाही.
मग एक पेला कालवांचा भाव विचारला,
वहीत लिहिला,
आणि विकत मात्र काही घेतलं नाही.

एवढ्यावर मी त्याला मत दिलं असतं का?
नसतं दिलं. रागच आला होता.
पण तो निघताना, कुणास ठाऊक कसं,
माझ्या तोंडून गेलं: माझा एन्सा.
चार वर्षं झाली. उत्तरेकडे जाणारी होडी.
सगळे सांगतात, करेल फोन, देवाची इच्छा असेल तर.
इमाम सांगतात, सरकारी माणूस सांगतो, तूही सांगतेस.
हा म्हणाला, मला माहीत नाही.
कुणाला विचारायचं तेही मला नीट माहीत नाही.
पण नाव सांगा.

मी सांगितलं. त्याने आडनाव दोनदा विचारलं.
मला वाचता येत नाही, सार्जो, पण पान ओळखता येतं.
कालवांचा भाव होता त्या पानावर
त्याने एन्साला नाही लिहिलं.
नवं पान उलटलं.

तेवढंच. यालाच कारण म्हणायचं असेल तर म्हण.

काल पडद्यामागे गेले तर पिंपं ओळीने उभी,
पिवळं, निळं, हिरवं,
आणि टोकाला त्याचं राखाडी,
चांगले रंग संपल्यावर उरलेलं.
हातात काचेची गोटी.
एन्साच्या खिशात असायच्या तसली,
धुताना बादलीत खडखडायच्या आणि मी ओरडायचे.
मूठ उघडायला जरा वेळच लागला.
बाहेरून साहेबाने विचारलं, काय झालं आई?

मग घंटा वाजली. एकदाच.
सायकलवाल्या पोरांनाही काल
तिथे घंटा वाजवायची मनाई होती,
त्यामुळे अगदी स्वच्छ ऐकू आली.
तुझा भाऊ रांगेत होता.
त्याला घंटा कळली, पिंप नाही कळलं.
ते मी घरी येऊन आपणहून सांगितलं,
आणि तेव्हापासून हा रुसवा.

हरेल म्हणतात. हरेलही.
जिंकला तर खाडी बंद ठेवेल, आणि मी शिव्या देईन,
धक्क्यावर उभी राहून, सगळ्यांदेखत.
पण ती वही
हरलेल्या माणसाच्या घरी कुठे ठेवतात,
चुलीजवळ की कपाटात,
हे रात्रीपासून डोक्यात घोळतंय.

वाढव आता आवाज.
बान्जूलची मोजणी सांगतायत.