एक नंबरवर

समोरचा टॉवर एकविसाव्या मजल्यावर गेला
आणि घोडपदेवच्या आमच्या खोलीत
भर बाराला दिवेलागण होऊ लागली.
चाळीसचा बल्ब, त्यावर फोडणीची साय.
टेबलफॅन मान मोडलेला,
वारा घालायचा तो फक्त कपाटाला.

मी टिकल्या लावते. एका कार्डावर बारा.
लाल कुठली नि मरून कुठली
हे विचारायला गॅलरीत जायचं,
कठड्यावर उजेडात धरायची, परत यायचं.
किती खेपा, मोजल्या नाहीत.
दोनदा गठ्ठाच परत आला कारखान्यातून:
"मावशी, एका कार्डावर दोन रंगांची कपाळं कशी?"

यंदा भिशी लागली.
मुलगी म्हणाली मोबाईल, हे म्हणाले शेगडी.
मी कुणालाच काही म्हणाले नाही.
डॉकयार्डवरून मुनाफ मुकादमला बोलावलं.

आल्या आल्या त्याने बल्बकडे पाहिलंच नाही.
"वैनी, बसता कुठं? बसून दाखवा."
बसले. पाट, परात, कार्डं.
तो वाकून बघत राहिला
माझ्या हातांवर पडलेली सावली,
माझ्याच डोक्याची.
"बत्ती मधी नको. मधी लावली की माणूस
आपल्याच अंधारात काम करतो.
समोरच्या भिंतीला लावू, जरा डावीकडं.
पात्याच्या वर तर नकोच नको,
उजेड चिरला जातो, डोकं उठतं."

आणि पंखा? पंख्याला हूक पाहिजे.
हूक होता. मीच विसरले होते.
रंगाच्या सात थरांखाली लोखंडी कडी.
तिला पाळणा होता आमच्या थोरलीचा,
मग पेडणेकरांच्या जुळ्यांचा, एक आत, एक मांडीवर,
मग कांद्यांची जाळी,
मग काहीच नाही.
मुनाफने कडी खरवडली,
दोन्ही हातांनी धरली, पाय उचलले
आणि लोंबकळला. पन्नाशीचा बाप्या,
खोलीच्या मधोमध, डोळे मिटून, कान छताला.
छत गप्प.
मला हसू आवरेना.
दोरी ओढायचा हात आपोआप पुढे झाला होता.
"धरतंय," खाली उतरत तो म्हणाला. "जुनं लोखंड आहे."

वायरी, पट्ट्या, भिंतीचा भुसा, दोन चहा.
मग त्याने बटण दाबलं
आणि आम्ही सगळेच जरासे लाजलो.
भिंत पांढरी नव्हती. कधीपासून नव्हती, देव जाणे.
कॅलेंडर मागच्या सालाचं.
यांच्या कानामागे चामखीळ,
इतकी वर्षं एका उशीशी झोपून
मला माहीत नसलेली.
आणि परातीत लाल, मरून,
आणि तिसराच एक रंग, विटकरी,
जो मी आजवर दोघींत वाटून टाकत आले.

"आता वारा बघा," म्हणत मुनाफने
एकदम पाचावर नेलं.
परात उठली.
म्हणजे परात जागेवर, टिकल्या उठल्या.
घरभर लाल पाऊल न वाजवता पळापळ.
आमटीत, देव्हाऱ्यात, यांच्या बनियनवर,
मुलीच्या वहीत पूर्णविरामांच्या जागी.
"बंद कर, बंद कर" म्हणेस्तोवर
पाती आपल्याच तोऱ्यात दोन मिनिटं फिरली.
मग चौघंही जमिनीवर, ओणवी,
आणि इतकं लख्ख दिसत होतं
की एकही हरवायला जागा नव्हती.

आता काम चालू असलं की एक नंबर.
मानेवरचा घाम सुकतो, टिकली जागची हलत नाही,
तेवढंच. पाच नंबर रात्री,
परातीवर ताट, ताटावर वरवंटा ठेवून.

पैसे मोजून मुनाफ खाली उतरला.
मी सवयीने गॅलरीत आले, हातात काहीच नव्हतं.
तो गल्लीतून चालला होता, खांद्यावर शिडी,
टकलावर घामाने चिकटलेली एक.
हाक मारणार होते.
नाही मारली.
विटकरी होती.